शून्य गुन्ह्यांचं गाव

ठक्कर बाजार स्टँडवरून येवल्याची लालपरी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता आणि डोक्यात संताप. कारण सांगते. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण, पैठणी विणणाऱ्या घरातली. वस्त्रकलेच्या पुढच्या शिक्षणासाठी तिला स्वीडनमध्ये प्रवेश मिळाला, तोही शिष्यवृत्तीसकट. आणि तिच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवरचा एक तक्ता पाहून नकार दिला. तक्त्यात बलात्कारांच्या बाबतीत स्वीडन वर, भारत पार खाली. त्याखाली प्रश्न, ‘आता सांगा, मुली कुठे सुरक्षित?’ होकार कळवायला आठवडाही उरला नव्हता. सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर मी बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटते. असला आयता तक्ता मला सहन होत नाही.

निफाडपर्यंत द्राक्षबागा, पुढे कांदाच कांदा. रस्त्याकडेला कांदाचाळी (कांदा साठवायच्या हवेशीर, जाळीच्या खोल्या) आणि त्यांचा तो उग्र गोडसर वास. विंचूरला एक आजी चढल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून मी गठ्ठा खाली ठेवला आणि त्या त्यावर टेकल्या.

“काय हाय गं यात?”

“बायकांच्या हक्कांची पत्रकं.”

“बरंय. लय मऊ हायेत.”

येवल्याला गठ्ठा उचलला तर मधोमध खचलेला. पण आजींचा प्रवास सुखाचा झाला. पत्रकं इतकी थेट कुणाच्या कामी आलेली मी आधी पाहिली नव्हती.

वैशालीचं गाव तिथून रिक्षाने थोडंसंच पुढे. वेशीवर पाटी, ‘तंटामुक्त गाव’ (भांडणं ठाण्यात न नेता आपसात मिटवणारं). वैशालीचे वडील सुदामकाका हे त्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. घरात शिरले तेव्हा ते मागावर होते, पाय खालच्या खड्ड्यात, हातात धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), आणि पदरावर अर्धा झालेला मोर. इतकं सुंदर काम समोर असताना भांडायचं कसं, असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

“काका, त्या तक्त्यातले आकडे खोटे नसतील. पण दोन्हीकडे मोजतात वेगळंच. तिथे नवऱ्याने जबरदस्ती केली तरी बलात्कार, आपल्या कायद्यात नवऱ्याला सूट. एकाच माणसाने वर्षभर छळलं तर तिथे प्रत्येक वेळ वेगळी मोजतात. आपल्याकडे एका तक्रारीत चार गुन्हे असले तरी देशाच्या आकड्यात त्यातला मोठा तेवढा धरतात. आणि जी बाई ठाण्यात पोचतच नाही, ती तर कुठेच नाही.”

“पत्रक वाचल्यासारखी बोलती ही,” काका वैशालीला म्हणाले. “पोरी, आमच्या गावाचं बघ. मी अध्यक्ष झाल्यापास्नं एक गुन्हा नाय. ठाण्यात जाऊन इचार.”

आत चुलीपाशी वैशालीची आई भाकरी थापत होती. तिथूनच काकू बोलल्या, “मंग शोभाचं काय?”

शोभा म्हणजे शेजारची सून. नवरा मारतो, हे वैशालीकडून मला ठाऊक होतं.

“ते मिटवलं,” काका म्हणाले.

“कितीदा?”

“मिटवलं म्हणतो ना.”

“तीनदा. दरवेळी तिच्या नवऱ्याला मारुतीपुढं नारळ फोडायला लावला, वर चहा पाजला. खोबरं घरी आणलं. तुम्ही गुळासंगं खाल्लं.”

धोटा थांबला. मग काकांनी मलाच विचारलं, “तिकडं हे किती लिवलं असतं?”

“ती ठाण्यात गेली असती तर निदान तीन.”

“आन् इथं?”

“तुम्हीच म्हणालात, एकही नाही.”

“म्हंजे आपलं गाव स्वीडनपेक्षा भारी.”

“पाटीवर लिहून घ्या ना, आबा,” वैशाली म्हणाली.

काकूंनी ताटं वाढली. बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचा झुणका, ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळे माझ्यावर हसले. मी काकांना सरळ सांगितलं, स्वीडनची हमी मी देत नाही. तिथेही बायकांवर अत्याचार होतात, तिथल्याही कित्येक जणी गप्प बसतात. पण कुठला देश जास्त वाईट, हे या तक्त्यावरून कुणालाही सांगता येणार नाही.

काकांनी शेवटचा घास संपवला. “एवढंच सांग. तिथं हिला काय झालंच, आन् ही ठाण्यात गेली, तर समोरच्याला नारळ फोडायला लावून हिला घरी तर नाय ना धाडणार?”

“नाही. तक्रार लिहून घेतात.”

“मंग जाऊ दे तिला.”

वैशालीने हात न धुताच फोन उचलला.

“आन् शोभा?” काकू म्हणाल्या.

काकांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले. मी निघाले तेव्हा ते शेजारच्या ओट्यावर बसले होते, समोर शोभा उभी. “तुझी तयारी असंल तर उद्या येवल्याला जाऊ,” ते म्हणत होते. “मी येतो संगं. ह्या बारीला मिटवायचं नाय.” शोभाने पदराने तोंड पुसलं आणि मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. ऊन उतरलं होतं, शेतांवरून गार वारा येत होता, आणि खूप दिवसांनी मला कुणाचाही राग आला नव्हता. उद्या त्या गावाच्या नावापुढे पहिला गुन्हा लागेल. तो आकडा पाहून कुणीतरी म्हणेल, गाव बिघडलं. म्हणू दे.