डोळे मिटून वर गेलेले हात

टाचणीमावशी भुकेल्याला दारातून हाकलून देते, अशी इमारतभर आवई उठली होती. का, तर ती भाविक! "देव बघून घेईल" म्हणते आणि फुकट जेवणाच्या नावाने नाक मुरडते म्हणे.

हाकललं होतं, हे खरं. पण पुढच्या दारातून! तिथे शिवायला आलेला पांढराशुभ्र झगा पसरला होता आणि त्या भुकेल्या बाबाचे जोडे चिखलाने बरबटलेले. मागच्या दाराने आत घेऊन तिने त्याला पोटभर जेवू घातलं. लोकांनी अर्धंच पाहिलं, उरलेलं ठिगळ स्वतः जोडलं.

मावशी शिंपीण. ओठांत टाचण्या धरूनच बोलते: "हलू नकोश, टोशेल!" टाचण्या काढते त्या फक्त प्रार्थनेला आणि भांडणाला. काल दोन्ही एकदमच आलं!

तळमजल्याची रिकामी खोली व्यायामशाळेला द्यायची, की एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी गरम जेवण द्यायला, याची बैठक होती. मावशीला जेवणच हवं होतं. तिचे बिनलग्नाचे दीर, नळवाले, देवबिव न मानणारे, ते गरजले, "वहिनी, फुकट मिळालं की माणूस आळशी होतो!" आणि गंमत म्हणजे भाविक मंडळीही माना डोलवू लागली. ज्याचं त्याचं नशीब!

"भावजींचा हात काही वर जायचा नाही," इमारतभर सगळ्यांच्या नकला करत फिरणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने मावशीच्या कानात पैज लावली.

"जाईल. हरलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल नाही!"

मतांआधी प्रार्थना म्हणायची इथली रीत, आणि ती सांगायची मावशीच. सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवा, म्हातारपणी आपल्यापुढे कुणी गरम ताट ठेवावं असं ज्याला वाटतं, तो हात वर करतोय, बघ."

सरसर हात वर!

"आता डोळे उघडा. हात राहू देत तसेच."

"अहो, ही फसवणूक आहे!" अध्यक्ष किंचाळले.

"मग घ्या की खाली. देवासमोर वर आणि शेजाऱ्यासमोर खाली, एवढंच ना?"

कुणाची छाती होणार! सगळे हात तसेच तरंगत राहिले. भावजी तेवढे हाताची घडी घालून. त्यांनी डोळे मिटलेच नव्हते. मावशी त्यांच्याकडे टक लावून बघत बसली.

"बघताय काय वहिनी?"

"तुम्हाला कोण वाढणार, याचा विचार करतेय."

भावजींनी मान खाजवली, खाकरले, आणि गेला की हात वर! "देवासाठी नाही हं! आणि नळ मीच बसवणार."

"देवाचं मी बघते. तुम्ही नळाचं बघा."

खोली जेवणाला मिळाली. नक्कलबंदीच्या शिक्षेचा आज पहिलाच दिवस, आणि भावजी सकाळपासून जिन्यात दिसेल त्याला गाठून सांगत सुटलेत, "कल्पना मूळची माझीच!" काय तो आवाज, काय ती मान! आणि आपण तोंडातून ब्र काढायचा नाही!