वादळाच्या वाटा चालवणारे नाना

साध्या प्रश्नाला साधं उत्तर न देण्यात पिंप्राळ्यातल्या आमच्या शेजारच्या नानांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. ‘पाहुणे किती येतील?’ विचारलं की नाना ओट्यावर शेंगदाणे पसरतात. मधे दाट, कडेला विरळ. ‘बहुतेक इतके,’ म्हणून दाट भागावर बोट ठेवतात, ‘पण कडेचेही येऊ शकतात, वहिनी. कणीक हाताशी असू द्या.’ मी यादीत आकडा लिहायला पेन उघडून उभी! कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी शिकवणं सुटलं नाही. अंदाज म्हणजे एक आकडा नव्हे, पसारा. तो डोळ्यांनी बघावा आणि मग ठरवावं, हे त्यांनी रिक्षावाल्यांनाही पटवलंय.

गेल्या उन्हाळ्यात वादळाचा इशारा आला. तापीकाठी माझ्या भावाची केळी अजून पुरती भरली नव्हती. लगेच कापावी तर घड हलके, थांबावं तर बाग आडवी व्हायची भीती. मी नानांना घेऊन गेले. त्यांनी देवळापुढे पांढऱ्या फक्कीने शिवार आखलं, हवामानखात्याच्या नकाशातल्या वादळाच्या शक्य वाटा पंख्यासारख्या ओढल्या आणि प्रत्येक वाटेवर एकेक शेतकरी चालायला लावला. झालं! जो तो ओळखीचं शेत आलं की वळायचा. बघता बघता सगळी वादळं शेजारच्या गावात गोळा झाली.

‘आबा, वादळ म्हणजे काय तुमची बैलगाडी आहे? सरळ चाला!’ नाना ओरडले.

‘तिथं माह्या जावयाचं शेत हाये ना, नाना!’

भावाची रेघ त्याच्याच बागेतून जात होती. तोही वळला. नानांनी सगळ्यांना पुन्हा आपापल्या रेघेवर आणलं, त्याला तर दंड धरून. आखलेल्या बागेत पोचला, तर तिथे शेजारच्या रेघांवरून आलेली आणखी दोन वादळं आधीच उभी. भावाने स्वतःला धरून तिघं मोजले. मग म्हणाला, ‘निम्मी कापतो.’

कापली. आणि वादळ आलंच नाही. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गावात गेलो. ‘नाना, तुमच्या वादळाची एसटी चुकली वाटतं!’ गावाने नानांची यथेच्छ खेचली.

‘हसू नका,’ भाऊ म्हणाला. ‘त्या रात्री तुम्ही बठ्ठे, अख्खं गाव, जागे होते. मी झोपलो.’

परतताना नाना उरलेल्या बागेत शिरले. घड छान भरले होते. एका घडाखाली तळहात धरून त्यांनी वजन तोललं.

‘मला मात्र त्या रात्री झोप नव्हती, वहिनी,’ ते हळूच म्हणाले. ‘कॉलेजात फळ्यावरच्या ठिपक्यांना कधी केळी लागत नसत.’