राजिवड्यात भरलेलं गाणं

१९८४ च्या मे महिन्यात, नझीर मस्कतला जाण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघांनी त्याच्या राजिवड्याच्या घरात एक इंग्रजी गाणं कॅसेटवर भरलं. दोन गिटारी, माझा आवाज आणि दुपारची वेळ.

गाणं त्याच्या आदल्या दशकात गाजलेलं, कंट्री-रॉक म्हणतात त्या जातीचं. मुंबईत कॉलेजच्या वसतिगृहात नझीर त्यातली गिटारची धून वाजवायचा आणि मी नुसता गायचो. मस्कतला गिटार नेता येणार नव्हती. 'निदान गाणं तरी बरोबर नेईन,' असं त्याने कार्डावर कळवलं होतं. धुनीखाली कुणीतरी साथ धरायला हवी, ती मी शिकून घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याची गिटार मागून घेतली आणि मुंबईहून त्याच्या गावची एस.टी. धरली. कंडक्टरने खोळीकडे बोट दाखवलं.

"ह्यात काय, बाजा? टपावर टाका."

"फुटेल हो."

"मग घ्या मांडीवर. हाफ तिकीट फाडू का तिचं?"

मागच्या बाकावरच्या लोकांना ते फार आवडलं. महाडपर्यंत माझ्या मांडीवरच्या बाळाची चौकशी चालू होती. सकाळी हातखंब्याला गाडी वळली तेव्हा दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (रचून केलेल्या भिंती) आणि आंब्याच्या पेट्या भरणारी माणसं दिसू लागली.

राजिवडा खाडीच्या काठाला आहे. घरांच्या पुढे जाळी वाळत पडलेली. नझीर उंबऱ्यातच उभा होता.

"आवाज करू नको. अम्मा बोलतेय."

आत त्याची आई पाटावर बसली होती. डोक्यावर पदर नीट घेतलेला, समोर टेपरेकॉर्डर. थोरला मुलगा दोह्याला होता. त्याला ती सांगत होती की कौलं चाळून झाली, शेळीला दोन करडं झाली आणि धाकटाही आता तुझ्यासारखाच निघाला. मग तिने उत्तर ऐकण्याइतका वेळ थांबून बटण दाबलं.

त्या घराची पद्धत अशी होती. दोह्याहून कॅसेट यायची, तिच्या एका बाजूला मुलाचा आवाज असायचा. त्या बाजूला हात लावायचा नाही. अम्मा दुसऱ्या बाजूला बोलायची आणि आखातात जाणाऱ्या कुणाबरोबर तीच कॅसेट परत धाडायची. आखातात गेलेल्या माणसांच्या घरोघरी हेच चालत होतं.

नाश्त्याला सांदणं (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) आणि नारळाचं दूध होतं. ते संपायच्या आत शिकवणी सुरू झाली. मला तीन कॉर्ड येत होते. गाण्यात चौथा होता आणि त्याला तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागत. माझ्या बोटाखाली चार वाजत, दोन खुळखुळत.

"पेपरात एवढं लांबलचक लिहितोस," नझीर म्हणाला, "आणि एक बोट सरळ ठेवता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटांची टोकं सोलवटली. तारा मात्र वाजू लागल्या. संध्याकाळी नझीरने आपली गिटार सुरात लावायला घेतली आणि खाऱ्या हवेने गंजलेली पहिली तार तुटली. सगळी धून त्याच तारेवर होती.

बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात पेट्या होत्या, तबले होते. दुकानदार म्हणाला, "गिटारची तार कोल्हापुराहून मागवतो. सोमवारी येईल." नझीर रविवारी निघणार होता.

परत येताना तो जाळ्यांपाशी थांबला आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) मागून घेतला. गळ बांधतात तशी गाठ मारून त्याने तो तारेच्या जागी चढवला. आवाज मऊ निघाला, पण निघाला. अडचण एकच होती. तंगूस ताणला जाई आणि चार-पाच ओळींत सूर उतरे.

शनिवारी दुपारी वाडी झोपल्यावर आम्ही बसलो. पहिल्या खेपेला कोंबडा आरवला. दुसऱ्या खेपेला माझं बोट चुकलं. तिसऱ्या खेपेआधी अम्मा दारात आली.

"तो गाण्यात काय सांगतो रे?"

"लांब गेलाय. करमत नाही म्हणतो," नझीर म्हणाला.

"मग गेला कशाला मेला?"

नझीरने बटण दाबलं. ह्या खेपेला गाणं शेवटपर्यंत गेलं. तंगूस आता बराच ताणून बसला होता, तो शेवटच्या कडव्यात उतरला. नझीर थांबला नाही, मीही थांबलो नाही. पुन्हा भरायला सेलमध्ये जोर राहिला नव्हता. गाणं पुसलं जाऊ नये म्हणून त्याने कॅसेटच्या मागची त्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली.

रविवारी तो मुंबईच्या गाडीत चढला. मी बरोबर होतो.

दोन वर्षांनी, पुन्हा मे महिन्यात, तो रजेवर आला आणि मी राजिवड्याला गेलो. तीच कॅसेट त्याने लावली. झालं होतं असं, की मस्कतला पहिल्या महिन्यात त्याच्या हाताशी कोरी कॅसेट नव्हती. गावचा एक जण परत निघाला होता. नझीरने गाण्याच्या उलट्या बाजूला निरोप भरून त्याच्याकडे दिला. अम्माने तो ऐकला आणि पद्धतीप्रमाणे दुसऱ्या बाजूला उत्तर भरलं. पट्टी मोडलेली होती, तिथे तिने कागदाचा बोळा कोंबला; तसं केलं की त्या बाजूवर पुन्हा भरता येतं.

"त्यात तू कुठे बोलतोस?" ती मला नव्हे, नझीरला म्हणाली. "तो गातोय इंग्रजीत. मला वाटलं, मोकळीच बाजू."

"गिटार माझी होती ना, अम्मा."

"गिटारीला काय आवाज असतो माणसाचा?"

आम्ही ऐकलं. अम्मा टेपवर सांगत होती की विहिरीचं पाणी वर आलं, गिटार पेटाऱ्यावर नीट ठेवली आहे आणि तू जेवतोस ना. मग खट्ट आवाज झाला. लगेच माझा आवाज आला, गाण्याच्या शेवटच्या कडव्याच्या मधूनच. पाठोपाठ तंगुसाची तार, उतरलेली.

कॅसेट अजून नझीरकडे आहे. कागदाचा बोळा त्याने मस्कतला कॅसेट हातात पडली त्याच दिवशी काढून टाकला होता. त्या बाजूवर नंतर काही भरलेलं नाही.