रायफलवरचं कुंकू

मंडळी, काल खंडेनवमीच्या पूजेचा फोटो इथे टाकला होता, तो मघाशी डिलीट केला. का, ते सांगतो.

पाटावर माझा लॅपटॉप, ड्रिल आणि टार्गेट शूटिंगची रायफल होती. माझ्याकडे लायसन्स आहे, रायफल कुलपात असते, शनिवारी क्लबला नेतो. पण इथे कॅनडात, आमच्या व्हिटबीच्या अपार्टमेंटच्या लीजमध्ये 'नो फायरआर्म्स' लिहिलंय. दोन महिने घर मिळत नव्हतं, म्हणून रायफलचं न सांगता मी गुपचूप सही केली होती.

घरमालक काका मराठीच, ह्याच ग्रुपमधले. फोटोखाली पहिला नमस्कार त्यांचाच. तासाभराने फोन आला, "अरे, ती खरी आहे का?"

मी हो म्हणालो.

"मग उद्यापासून घरात नको. नाहीतर दुसरं घर बघ."

क्लब ठेवून घेत नाही. ओळखीत कुणाकडे लायसन्स नाही. मुलीची शाळा इथेच आहे. म्हणून आज, दसऱ्याच्या दिवशी, बंदुकांच्या दुकानात जाऊन रायफल विकून आलो. नागपूरला एनसीसीत नेम धरायला शिकलो होतो. आयुष्यात मला मनापासून जमलेली ती एकच गोष्ट.

काउंटरवरच्या माणसाने नळीवरचा लाल डाग बघून विचारलं, "इज धिस रस्ट?"

मी "येस" म्हणालो. त्याने फडक्याने पुसून टाकला.

काकांवर चिडायचा मला हक्क नाही, सही माझीच होती. पण कुंकवाला मी गंज का म्हणालो, हे तुमच्यापैकी कुणी सांगेल का?