दहा लाख एक तुटतो का?

गणितात मला कोणी हरवत नाही, हे मी पंचवीस वर्षं सांगत आलो आणि आजही सांगतो. मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला शिकवतो. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर.

आमच्याकडे लग्नाचा आहेर वर एक ठेवून देतात. एकशे एक, हजार एक. वर एक असला की नातं तुटत नाही, असं वडील म्हणायचे. हजार एकला सातानं सरळ भाग जातो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण त्यावरूनच गेल्या हिवाळ्यात फळ्यावर १०,००,००१ लिहिलं आणि म्हटलं, ही मूळ संख्या आहे का, पाहू. दोन, तीन, पाच करत सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. नियमानं हजारापर्यंत जायला हवं होतं. पण शंभराच्या आत काही सापडलं नाही, तर पुढे काय डोंबल सापडणार! "तुटत नाही, लिहून घ्या," म्हणालो आणि खडू ठेवला.

वर्गात एक मुलगी सगळ्यांत हळू. त्याच्या पंधरा दिवस आधी पालकसभेत तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "सर, हिले सायन्स घ्याचं आहे. जमन का?"

"गणित हिच्या आवाक्यातलं नाही. आर्ट्सले टाका," मी सांगून मोकळा झालो होतो. माझा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ.

फळ्यावरच्या गणिताच्या दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वही घेऊन आली. "सर, हे तुटते. एकशे एकानं."

"काहीही सांगू नको," मी खेकसलो. मग वही पाहिली. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य. मी थांबलो, त्याच्या लगेच पुढची मूळ संख्या! स्वतःचाच असा संताप आला.

तरी तोरा जाईना. म्हटलं, "मग आता नऊ हजार नऊशे एक तुटते का पाह्य. एवढ्या संख्येला शंभराच्या आतले आकडे पुरतात. बस भागत."

"भागाचं काम नाही, सर. ते तुम्ही कालच केलं. त्यातला एखादा याले तोडत असता, तं त्यानं दहा लाख एकलेही तोडलं असतं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि हिला मी हळू म्हणत होतो. फार लाज वाटली.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडील अंगणात फवारणीचा पंप धूत होते. उभ्याउभ्याच म्हणालो, "मी चुकलो. हिले सायन्सलेच टाका."

ते पंप खाली ठेवून म्हणाले, "पण तुम्हीच तं नाही म्हणलं होतं, सर. त्या रोजी जेवली नाही हो पोरगी."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग दारात उभ्या मुलीकडे वळले.

"काय वं, सर बरोबर सांगून राह्यले का?"

"हाव," ती म्हणाली.