सरकत्या दाराचा उंबरा

सासूबाई मला नावानं हाक मारत नाहीत आणि चारचौघांत माझ्याबद्दल बोलताना 'सून'ही म्हणत नाहीत. एकतीस वर्षं मी त्यांची 'पहूरवाली' आहे. पहूरवाली बाजारात गेली, पहूरवालीनं भाजी खारट केली. माहेर माझं पहूरचं, हे खरं. पण धुळ्यात देवपूरला राहून माझे केस पिकले, तरी मी आपली पहूरचीच! वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण भांडायची सोय नव्हती. त्या अहिराणीत भांडतात आणि त्यापुढे माझं शाळेतलं मराठी पार लंगडं पडतं.

घर नवं केलं तेव्हा मागच्या अंगणात जायला आम्ही काचेचं सरकतं दार बसवलं. जुन्या दाराचा लाकडी उंबरा गवंड्यानं उखडून टाकला. त्या जागी ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी आली, तिच्यातून दाराची चाकं पळतात. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "उंबरा कोठे शे?" आम्ही सगळे नव्या घराच्या कौतुकात होतो. त्यांना उत्तर कोणीच दिलं नाही.

तरी ते दार त्यांनी आपलंसं केलं. रोज सकाळी पूजा आटोपली की स्वतः दार सरकवायचं, काठी टेकत अंगणातल्या बाकावर जायचं, ऊन खात भिंतीपलीकडच्या शेजारणीशी गावभरच्या गप्पा हाणायच्या. वय ब्याऐंशी. तेवढीच त्यांची दुनिया.

या हिवाळ्यात दार अडायला लागलं. आधी त्या दोन्ही हातांनी ओढायच्या. मग मला हाक मारायला लागल्या. एक दिवस ओढता ओढता त्यांचा गुडघा लचकला, नशीब मागे खुर्ची होती. त्यानंतर त्यांनी हाक मारणंच सोडलं. मी दार उघडायला गेले की म्हणायच्या, "राहू दे व माय, मी आठेच बठस." आणि तिथेच आत खुर्चीत बसून काचेतून बाहेर बघायच्या. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई अशी गप्प बसली की घर खायला उठतं.

दुरुस्तीवाला आला, दोन झटके देऊन म्हणाला, "पूर्ण दार बदलावं लागेल." नवऱ्यानं त्याहून सोपा उपाय काढला. "दार कायमचं बंदच करू. आई पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसेल."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे आईंना कोंडून ठेवायचं? मी उघडून दाखवते हे दार!"

"ब्लाउज शिवण्याइतकं सोपं वाटलं का गं?" नवरा हसला.

झालं! तीस वर्षं मी शिवणयंत्र चालवते, आजवर मशीनवाल्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. रविवारी सकाळी पदर खोचला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नवऱ्याला दार धरायला लावलं. "वर उचला. अजून वर. आता खालची बाजू माझ्याकडे ओढा." काचेचा पल्ला खाचेतून निघाला. काच केवढी जड! आम्ही दोघांनी तो गादीवर आडवा ठेवला.

चाकांना केस गुंडाळले होते, माझे करडे आणि सासूबाईंचे पांढरे. ते ब्लेडनं कापून काढले. एक चाक झिजून चपटं झालं होतं. मग पट्टीकडे वळले. खाचेत दगडासारखा घट्ट थर. स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर आत पिवळं निघालं, मग लाल, मग पांढरं. आणि मग एक तांदळाचा दाणा.

मी तो बोटावर घेतला. हळद, कुंकू, रांगोळी, अक्षता! सासूबाईंना उंबरा सापडला होता. रोज पूजा झाली की त्या या पट्टीचीच पूजा करत होत्या. आणि थराला वास कसला? खोबरेल तेलाचा. तो माझा प्रताप! दार कुरकुरलं की मी दर आठवड्याला तेल सोडत होते. मशीनमधला कचरा काढल्याशिवाय तेलाचा थेंब न घालणारी मी, इथे कुंकवावर तेल ओतत बसले. कपाळावर हात मारून घेतला.

"आईनंच केलं हे सगळं!" नवरा उसळला. "थांब, सांगतोच तिला."

"खबरदार! उंबरा आपण काढला, त्यांना विचारलं तरी का? आणि तेल मी ओतलंय. आधी मला सांगा काय सांगायचं ते."

तो उठून पाणी तापवायला गेला.

गरम पाणी, सोडा, जुना दातांचा ब्रश आणि केसांचा आकडा घेऊन मी दोन तास ती खाच घासली. झिजलेलं चाक घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. शेठ म्हणाले, "ताई, मिस्तरीला पाठवायचं ना." म्हटलं, "मिस्तरीच आलीये." नवं चाक बसवलं, पल्ला चढवला, बाजूचा स्क्रू फिरवत दार सरळ केलं. तेल नाही, खाचेत नुसती मेणबत्ती घासली. मग एका बोटानं ढकललं. दार सुळ्ळकन गेलं. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते अगदी पोटभर बघून घेतलं.

पण एक काम उरलं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेली कडाप्प्याची पट्टी पडून होती. दाराचा जो पल्ला सरकत नाही, त्याच्यापुढे मी ती सिमेंटनं बसवली, म्हणजे जाता-येता ठेच लागायला नको. सासूबाईंना हात धरून आणलं. "आई, हा तुमचा उंबरा. हळदीकुंकू इथे वाहा. त्या खाचेत चाकं चालतात."

त्यांनी काठीच्या टोकानं दगड चाचपला. माझ्याकडे पाहिलं. आणि काठी टेकत आत निघून गेल्या. रात्रभर मला रुखरुख लागली, दुखावलं की काय त्यांना?

सकाळी मी चहा ठेवला होता. मागे दार सरकल्याचा आवाज आला. मला हाक नव्हती. डोकावून पाहिलं तर दगडावर हळदीकुंकवाची ताजी बोटं, आणि सासूबाई बाकावर उन्हात.

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "अक्का, किती दिवसांनी! उघडलं का दार? कोणता मिस्तरी आणला?"

"मिस्तरी कसाले?" सासूबाई तिच्याहून मोठ्यानं म्हणाल्या. "मन्ही सूननी करं."

चहा उतू जाऊन ओट्यावर सांडला. सांडू दे.