दुपारी दिलेलं रक्त

आमच्या घरी शेंगाची चटणी मिक्सरमध्ये होत नाही. लग्न झालं त्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं आणि चटणी कुटायचं काम यांच्याकडे गेलं, ते कायमचंच. रविवारी अंघोळ झाली की हे मागच्या पडवीत उखळापाशी बसतात. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, आणि मग तेल सुटेपर्यंत मुसळ चालू. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं नोकरी केली, पण कुणी ‘साहेब’ म्हटल्याचं यांना कौतुक नव्हतं. ‘आज चटणी झकास झालीय’ म्हटलं की मात्र चेहरा उजळायचा.

निवृत्तीनंतर हे मुसळ मध्येच ठेवून नुसते बसून राहू लागले. जेवलं की झोप, उठलं की पुन्हा डोळे मिटलेले. वय झालं, असं म्हणून मी सोडून दिलं. यांनी नाही सोडलं. तेव्हा आमच्या भागात एक नवा दवाखाना निघाला होता. दारावर पांढऱ्या केसांचा, पण दंड फुगवलेला माणूस रंगवलेला. तिथं कुणी रक्तसुद्धा तपासलं नाही, थेट इंजेक्शनं सुरू केली, पुरुषांच्या हार्मोनची. मला एवढंच सांगितलं, “ताकदीचं हाय.”

ताकद आली, खोटं कशाला बोलू? कंबर तलावाला फेऱ्या सुरू झाल्या, ज्वारीचं पोतं हे एकटेच आत आणू लागले. रविवारी मुसळ असं आपटायचे की चटणीचा पार लगदा व्हायचा आणि समोरच्या वहिनी विचारायच्या, “घरात बांधकाम काढलंय का हो?” पण चेहरा लालबुंद, आणि रागही तसाच. दूधवाल्यावर राग, टीव्हीवर राग, माझ्यावर तर हक्काचाच. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमच्या घरात भांड्यांपेक्षा आम्हीच जास्त वाजत होतो.

मागच्या दिवाळीला लेक पुण्याहून आली. बापाचा तो लाल चेहरा पाहून तिनं हट्टानं तपासण्या करायला लावल्या. रक्त फार घट्ट झालं होतं. इंजेक्शनं अशीच चालू राहिली तर गाठ होऊन हृदयाला किंवा मेंदूला धोका, असं सांगून तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या आमच्या लेकीच्याच वयाच्या. हे त्यांच्याकडे बघेचनात. सगळी उत्तरं भिंतीवरच्या कॅलेंडरला देत होते.

“काका, ज्यांना खरंच गरज असते त्यांना आम्हीही हे इंजेक्शन देतो,” बाई म्हणाल्या. “पण तुम्हाला गरज होती का, हे कुणी तपासलंच नाही. आणि घरी रोज बाहेरून डबा यायला लागला तर चूल कोण पेटवणार? तुमच्या शरीरानं आपली चूल विझवून टाकलीय. आता डबा बंद करायचा. चूल पेटायला काही महिने लागतील. किती पेटेल, याचा शब्द मी देत नाही.”

यांनी कॅलेंडरला मान डोलावली.

त्यानंतरचा हिवाळा मी विसरणार नाही. ताकद गेली त्याचं मला काही वाटलं नाही, पण माणूसच विझल्यासारखा झाला. बातम्यांत कुणाचं घर पडलेलं दिसलं तरी यांचे डोळे भरायचे. उखळावर मी शेवटी परात पालथी घातली आणि चटणी विकत आणली.

आणि मग संक्रांतीच्या सुमाराला अंगातून वाफा निघायला लागल्या. बाहेर थंडी, मी स्वेटरमध्ये, आणि हे बनियन काढून घामाघूम. “हे काय होतंय गं मला?” असं लहान मुलासारखं विचारलं यांनी. काय होतंय ते मला चांगलं ठाऊक होतं. माझी पाळी गेली तेव्हा ऐन थंडीत मी अशीच पंखा लावून बसायचे. तेव्हा यांनी काही विचारलं नव्हतं. सोलापुरी चादर अंगाला गुंडाळून हे शेजारी कुडकुडत बसायचे, पण पंखा बंद कर असं एकदाही म्हटलं नाही. आता मी उठले, पंखा लावला, तीच चादर काढली आणि यांच्या शेजारी बसले.

“तुला थंडी वाजंल की,” हे म्हणाले.

“वाजू दे. तुमची उधारी आहे माझ्यावर.”

मग पहिल्यांदाच हे मोकळे बोलले. “मी आता तुझ्या काय कामाचा राहिलो?”

मला राग आला. खूप राग आला, आणि रडूही. “कामाला गडी हवा म्हणून लग्न केलं होतं का मी? दोन माणसं एका पंख्याखाली बसलीत, एवढं पुरेसं नाही तुम्हाला?” हे माझा हात धरून बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात दिवसाढवळ्या माझा हात धरायची ही पहिलीच वेळ असावी.

एप्रिलमध्ये तपासणी होती. सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्या, असं बाईंनी बजावलं होतं. अडचण अशी की आमच्या भागातल्या लॅबमध्ये सकाळी यांचं अर्धं ऑफिस असतं. सगळे निवृत्त, सगळ्यांची शुगर. ‘तुमची कसली तपासणी?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, या विचारानंच यांचा जीव कासावीस झाला होता. मग यांनी आपल्या मतानं तोड काढली. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी तीनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, माणसं घरोघरी फरशीवर आडवी. मीही झोपले होते. हे पोटभर भाकरी-पिठलं खाऊन, डोक्यातोंडाला टॉवेल गुंडाळून गेले आणि रक्त देऊन आले. मला चहाच्या वेळी खुशीत सांगितलं, “झालं काम. एक माणूस भेटलं न्हाय!” माझ्याही डोक्यात काही आलं नाही. पीडा टळली, एवढंच वाटलं.

रिपोर्ट आला, त्यातला हार्मोनचा आकडा अगदीच कमी होता. यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि जेवायला नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर हे बाहेर जायचा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. हातात इंजेक्शनची बाटली. शिल्लक राहिलेली एक यांनी कपाटात जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

“त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं जाऊन येतो,” हे म्हणाले. “चूल काय पेटत न्हाय. लई वाट बघितली.”

ती बाटली हिसकावून मोरीत ओतावी असं वाटलं. पण हिसकावली तर हे हट्टानं दुसरी आणतील आणि एक दिवस त्या घट्ट रक्तानं मला एकटीला ठेवून जातील, या भीतीनं मी हात आवरला. मी चहा खाली ठेवला आणि यांच्यापुढं फरशीवर बसले.

“अहो, मला ते पोतं उचलणारे नकोत. मला तुम्ही हवे आहात, आणि पुष्कळ वर्षं हवे आहात. आधी बाईंकडं चला. त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः तुम्हाला इंजेक्शनला घेऊन जाईन.”

बराच वेळ हे बाटलीकडं बघत राहिले. मग ती माझ्या हातात दिली आणि चहा घेतला. तो गार झाला होता, तरी प्यायले.

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. “चूल पेटवा असा मेंदूकडून निरोप जायला लागलाय, हे तर चांगलं लक्षण आहे. मग हा आकडा एवढा खाली कसा?” त्यांनी वर पाहिलं. “काका, रक्त कधी दिलंत?”

यांनी कॅलेंडरकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, “दुपारी. जेवून.”

मी कपाळावर हात मारला. बाईंनी समजावलं, हे हार्मोन सकाळी वर असतं, दिवस चढेल तसं उतरतं, पोट भरलेलं असलं तर आणखी कमी दिसतं. दुपारचा आकडा धरायचाच नाही. पुन्हा द्यायचं, सकाळी. आणि आता मध्येच इंजेक्शन घेतलंत तर इतक्या महिन्यांची तपश्चर्या पाण्यात.

या वेळी सकाळी लॅबमध्ये मीही बरोबर गेले. बाकावर ओळखीचेच चेहरे. यांच्या शेजारी जुने हेडक्लार्क. त्यांनी विचारलंच, “काय, शुगर का?”

मी यांच्याकडं बघितलं. यांच्या कपाळावर घाम आला होता. व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“न्हाय,” हे म्हणाले. “पुरुषाचं हार्मोन असतंय ना, त्याची. इंजेक्शनं घेऊन माझं मी बंद पाडलं होतं. परत आलंय का बघायला आलोय. दुपारचं रक्त चालत न्हाय.”

बाकावर कुणी पेपर वर धरला. मग हेडक्लार्क यांच्या कानाजवळ झुकले. “ते सकाळीच द्यावं लागतंय व्हय? मी तर काल दुपारी देऊन गेलो की, आता रिपोर्ट न्यायला आलोय.”

हे असे हसले की आतली रक्त घेणारी मुलगी बाहेर बघायला आली. मागच्या दिवाळीपासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. माझा जीव तिथंच भांड्यात पडला, रिपोर्टची वाटसुद्धा बघायची गरज राहिली नाही.

रिपोर्ट आला तो बरा होता. तिशीतला नाही, पण यांच्या वयाला शोभेल असा, आणि बाहेरून काही न घेता आलेला. बाटलीची विल्हेवाट लावायला ती मी डॉक्टरीणबाईंकडेच देऊन टाकली.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि पडवीतून आवाज आला. परात बाजूला सरकवल्याचा, मग मुसळाचा. चार घाव, मग थांबणं. पुन्हा चार. मी दारात जाऊन उभी राहिले. हे मुसळ खांद्याला टेकवून दम घेत होते.

समोरच्या वहिनींनी गच्चीतून हाक मारली, “आज लई सावकाश चाललंय हो तुमचं!”

“सावकाश हाय, वहिनी,” हे म्हणाले आणि मुसळ पुन्हा उचललं. “पर मीच कुटतोय.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी मी दारातून हलले नाही.